माऊली म्हणायचे आणि विटाळही मानायचा?



ज्येष्ठ वद्यात देहू-आळंदीहून पालख्या निघतात. त्याआधी अनेक घरांत बायकांची एक तयारी गुपचूप चालते. कीर्तनात तिचा विषय निघत नाही. तारखा मोजल्या जातात आणि वारीत ‘अडचण’ येणार असे दिसले, की औषधाच्या दुकानातून पाळी लांबवण्याच्या गोळ्या आणल्या जातात. ना तपासणी, ना चिठ्ठी. जावेने घेतल्या म्हणून हिनेही घेतल्या.

या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरक असते. डॉक्टर त्या देतात, पण आधी विचारतात : पूर्वी कधी रक्ताची गुठळी झाली होती का? यकृताचा आजार? अर्धशिशी? कारण काही जणींना या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो आणि पायातली गुठळी फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. दुकानदार यातले काही विचारत नाही. बरे, गोळी थांबली की दोन-तीन दिवसांत पाळी येतेच. मग हा धोका कशासाठी? विठोबाने तर तो मागितलेला नाही.

जी गोळी घेत नाही, तिला कुठे टाळकऱ्यांपासून दूर चालावे लागते, कुठे पंगतीत वेगळे बसावे लागते. आडोसा मिळत नाही म्हणून ती पाणी कमी पिते, एकच कापड दिवसभर वापरते. मग लघवीला जळजळ होते, मांड्या सोलवटतात. आईबरोबर आलेली बारा वर्षांची लेक हे सगळे पाहते आणि आपल्या देहाची लाज बाळगायला शिकते.

कोणी म्हणेल, बाईला विश्रांती मिळावी म्हणून पूर्वजांनी हे लावून दिले. विश्रांतीच द्यायची असेल, तर दिंडीच्या ट्रकमध्ये तिला जागा द्या, अंघोळीला गरम पाणी द्या. चालणे तेवढेच आणि वर मान खाली, याला विश्रांती म्हणत नाहीत.

शास्त्र विचारायचे तर आपल्याच संतांना विचारा. चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंनी सातशे वर्षांपूर्वी अभंगातून सांगून ठेवले आहे, की देहाचा जन्मच विटाळातून होतो. मग सोवळा कोण उरला? पुढे १९४७ साली साने गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हा पंढरीच्या मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडले. जातीचा विटाळ दारातून गेला. बाईचा विटाळ मात्र आपण राहुटीत जपून ठेवला आहे. ज्ञानोबांना माऊली म्हणतो, विठ्ठलाला विठाई म्हणतो आणि ज्या देहधर्मामुळे बाई माऊली होते, त्यालाच नाक मुरडतो!

दिंडीप्रमुखहो, हे तुमच्या हातात आहे. प्रस्थानाच्या दिवशी सर्वांसमोर सांगा : आमच्या दिंडीत पाळीमुळे कोणी बाजूला बसणार नाही, आणि त्यासाठी कोणी गोळी घेऊ नये. भिशीच्या पैशातून पॅड, झाकणाची बादली आणि बायकांच्या अंघोळीसाठी कनात यांची सोय करा. महाराजांनो, एका तरी कीर्तनात हा विषय घ्या. आणि मायबहिणींनो, गोळी सुरू असताना एका पायाला सूज आली, पोटरी दुखू लागली किंवा धाप लागली, तर पुढच्या मुक्कामाची वाट पाहू नका. लगेच वारीतल्या वैद्यकीय पथकाकडे जा.

तुळस डोक्यावर घ्या, टाळ वाजवा, रिंगणात धावा. पांडुरंग कोणाची तारीख विचारत नाही.