अडचण आल्यास मालकास विचारावे

आमच्या पिढीला एजंट म्हटले की सायकलवरून येणारा पिग्मीवाला आठवतो. दुकानादुकानांतून रोजचे दहा-वीस रुपये गोळा करायचे, पासबुकात आकडा लिहायचा, बँकेत भरणा करायचा. सिंडिकेट बँकेने १९२८ साली सुरू केलेली ही पद्धत पुढे आमच्याकडच्या पतसंस्थांनीही उचलली. आता संगणकाच्या जगात नवा एजंट आला आहे. त्याला पगार नको, चहा नको. काम सांगितले की तो पायऱ्या स्वतःच ठरवतो आणि हाताशी दिलेली हत्यारे चालवतो. कुठले हत्यार कशासाठी, हे तो सोबतच्या माहितीपत्रकात वाचतो.

असे एक पत्रक मी मागल्या पावसाळ्यात वाचले. पुण्यात सॉफ्टवेअर लिहिणारा माझा भाचा गगनबावड्याला चार दिवस राहायला आला होता. धुके असे, की करूळ घाटाच्या तोंडापर्यंतसुद्धा जाता येईना. मग तो कामच घेऊन बसला. सॉफ्टवेअरचा परवाना एखाद्या संगणकावरून सोडवून घेणारे हत्यार त्याच्या कंपनीने केले होते आणि त्याची माहिती त्याला लिहायची होती, तीही माणसासाठी नव्हे, एजंटासाठी.

परवान्याची भानगड अशी. विकत घेतलेले सॉफ्टवेअर ठरावीक संगणकांवरच चालते. ॲडोबीच्या वैयक्तिक वर्गणीत ते दोन असतात. तिसऱ्यावर हवे असेल तर आधीच्या एकाची जागा मोकळी करायची. मराठी छपाईवाल्यांच्या श्रीलिपीला पूर्वी संगणकाच्या मागे खोचायचे 'लॉक' असे. ते काढून दुसऱ्या यंत्राला लावले की झाले. किल्ली डोळ्यांना दिसत होती. आता ती दूरच्या सर्व्हरवरच्या नोंदवहीतली एक ओळ आहे, आणि सॉफ्टवेअर संगणकावरून पुसले म्हणून ती ओळ पुसली जातेच असे नाही.

भाच्याच्या पहिल्या मसुद्यात एकच वाक्य होते : 'हे हत्यार दिलेल्या संगणकाचा परवाना निष्क्रिय करते.' माणसाला एवढे पुरते, कारण बाकीचे तो कचेरीत वावरून शिकलेला असतो. एजंटाला कचेरी ठाऊक नाही. समजा, त्याला सांगितले की नव्या संगणकावर हिशेबाचे सॉफ्टवेअर चढव. 'मर्यादा संपली' असे उत्तर आले. जागा मोकळी करणारे हत्यार हाताशी आहे. तो यादीतला पहिला संगणक उचलील. तो नेमका हिशेब विभागातल्या बाईंचा असेल आणि तारीख ३१ मार्च असेल तर? शिवाय आमच्या भागात पावसात नेट जाते-येते. हुकूम पोहोचला पण पोच आली नाही, तर एजंट तो पुन्हा सोडील. एकच व्हाउचर दोनदा पोस्ट झाल्यावर रात्री किती वाजेपर्यंत बसावे लागते, हे बँकवाल्यांना विचारा.

ही कल्पनेतली भीती नाही. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कंपनीच्या एजंटाने, काही बदलू नकोस असे बजावलेले असतानाही, एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली. एजंटांना हत्यारे जोडून देण्याची एक सामायिक पद्धत अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. तिच्यात 'हे हत्यार नासधूस करू शकते', 'पुन्हा चालवले तरी जास्तीचा परिणाम नाही' अशा चिठ्ठ्या पुढे आल्या. पण त्या केवळ सूचना आहेत, त्यांवर विसंबू नये, असे ती नियमावलीच सांगते.

गंमत म्हणजे आपल्याकडे एजंटाचा कायदा १८७२ सालचा आहे. बँकेच्या परीक्षांसाठी आम्ही तो घोकला. करार कायद्याचे कलम १८४ म्हणते, अज्ञान मुलगाही एजंट होऊ शकतो. त्याने केलेला व्यवहार मालकावर बंधनकारक, पण तो स्वतः मालकाला जबाबदार नाही. कायद्याने संगणकाच्या एजंटाला अजून व्यक्ती मानलेले नाही, पण त्याची खरी जात मला हीच वाटते : हुशार, झपाट्याचा आणि अज्ञान. कलम २१४ तर अधिकच कामाचे. अडचण आल्यास मालकाशी संपर्क साधण्याचा आणि त्याची आज्ञा घेण्याचा कसोशीने प्रयत्न करणे हे एजंटाचे कर्तव्य आहे. दीडशे वर्षांपूर्वीचे हे कलम माहितीपत्रकाच्या पहिल्या ओळीत यावे, असे मी भाच्याला सुचवले.

तो हसला. म्हणाला, "मामा, दर वेळी विचारायचे तर एजंट ठेवायचा कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण तिजोरीला दोन किल्ल्या होत्या म्हणून आमच्या शाखेचे काम कधी अडले नाही. एजंटाने यादी काढावी, कुठला संगणक किती महिने वापरात नाही ते पाहावे, टिपण तयार करावे. यात वेळ जातो आणि यात तो माणसाला हरवील. शेवटची किल्ली तेवढी माणसाने फिरवावी. आणि ती कुणी फिरवली याची नावानिशी नोंद राहावी, कारण पुढे अडणारा माणूस यंत्राला नव्हे, कुणाला तरी जाब विचारणार असतो.

जाताना त्याने नवा मसुदा दाखवला. परवाना सोडवल्यावर तिथे काय बंद पडते, तो परत मिळतो की नाही, आणि पोच न आल्यास हुकूम पुन्हा न सोडता आधी यादी पाहावी, हे सारे त्यात आले होते. 'सगळे परवाने एकदम सोडवा' ही सोय त्याने एजंटाच्या हातून काढून घेतली आहे. त्याच्या साहेबांना मात्र ते पटलेले नाही. त्यांच्या मते त्यात वेळ वाचतो.