यमुनेच्या गाळावरची दिल्ली

१७ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे ५ वाजून ३६ मिनिटांनी दिल्लीकर दचकून जागे झाले. भूकंपाचा केंद्रबिंदू दूर हिमालयात नव्हता. थेट धौला कुआँजवळ, जमिनीखाली जेमतेम ५ किलोमीटरवर होता. तीव्रता ४; थोडक्यात निभावले. सोहना, मथुरा, महेंद्रगढ-देहरादून हे भ्रंश, म्हणजे भूगर्भातल्या खडकांतल्या भेगा, राजधानीच्या आसपासच आहेत. पण खरी काळजी यमुनेपारची. तिथे खडक खोलवर, त्यावर नदीने आणून टाकलेली वाळू आणि गाळ, भूजलही फार खाली नाही. असा भुसभुशीत थर भूकंपलहरींचा जोर वाढवतो. मोठ्या हादऱ्यात पाण्याने भरलेली वाळू पातळ होते आणि इमारतीचा पायाच खचतो. याच पट्ट्यातल्या लक्ष्मीनगरात नोव्हेंबर २०१० मध्ये एक इमारत भूकंपाविनाच कोसळली, साठांहून अधिक माणसे गेली. तळघरात पाणी मुरले होते आणि वर मजल्यांवर मजले! दिल्लीतल्या मातीचा भूकंपधोका दाखवणारे सविस्तर नकाशे सरकारदरबारी आहेत. ते बांधकाम परवान्याच्या टेबलावर कधी येणार? वाढीव मजल्यांना माती तपासल्याशिवाय परवानगी नको, आणि नदीपारच्या जुन्या शाळा-रुग्णालयांचे मजबुतीकरण सरकारने आधी हाती घ्यावे.