कौतुक नको, तरतूद हवी

सामने हरल्यामुळे एखादा संघ स्पर्धेतून बाहेर गेला तर त्यात नवल नाही. परंतु मोसमातला पहिला सामना होण्यापूर्वीच, केवळ पैसा थांबला म्हणून, आख्खा संघ बंद पडावा याला काय म्हणावे? इंग्लंडमधील महिलांच्या सर्वोच्च क्लब रग्बी स्पर्धेत, 'प्रीमियरशिप विमेन्स रग्बी'मध्ये, ऑक्टोबर २०२३ मध्ये असे घडले. २०२३-२४ च्या त्या मोसमाने मला जे शिकवले ते आपल्याही उपयोगाचे आहे, म्हणून हा लेख.

रग्बी आपल्याकडे फारशी परिचित नाही. रग्बी युनियनमध्ये एका बाजूला पंधरा खेळाडू, अंडाकृती चेंडू आणि ऐंशी मिनिटांचा सामना. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, मागच्या सोबतिणीकडेच द्यायचा. आणि चेंडू घेऊन धावणारीला कवेत धरून खाली पाडायचे. कबड्डीतील पकड ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना यातली झटापट समजेल. बायकांसाठी मैदान लहान नाही की वेळ कमी नाही. खेळाच्या नियमांत भेदभाव नाही. तो आहे मैदानाबाहेर.

वूस्टरच्या संघाचेच पाहा. सप्टेंबर २०२२ मध्ये तेथील पुरुषांचा व्यावसायिक क्लब आर्थिक संकटात बुडाला आणि त्याच्याबरोबर महिलांचा संघही टांगणीला लागला. एका कंपनीने पैसा पुरवला म्हणून तो मोसम कसाबसा पार पडला. पुढच्या वर्षी तो आधारही गेला आणि संघाला माघार घ्यावी लागली. दहाऐवजी नऊ संघांवर स्पर्धा सुरू झाली. त्या खेळाडूंचा दोष काय? दुसऱ्याच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहणाऱ्याचे जे होते तेच त्यांचे झाले. मूळ भाडेकरू उठला, त्यांचेही सामान रस्त्यावर आले.

त्याच मोसमातली दुसरी घटना मात्र वेगळी आहे. इंग्लंडची खेळाडू अ‍ॅबी वॉर्ड हिला जुलै २०२३ मध्ये मुलगी झाली, आणि बाळंतपणानंतर अवघ्या १७ आठवड्यांनी ती ब्रिस्टॉल संघातर्फे पुन्हा मैदानात उतरली. तिच्या जिद्दीचे कौतुक झाले, ते योग्यच आहे. पण त्यामागे एक साधा नियम होता. करारबद्ध राष्ट्रीय खेळाडूंना बाळंतपणासाठी २६ आठवडे पूर्ण पगार देण्याचे धोरण इंग्लंडच्या रग्बी संघटनेने फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर केले होते. खेळ की मूल, हा प्रश्न त्या नियमामुळे तिच्यापुढे उभा राहिला नाही. नियम राष्ट्रीय करार असलेल्यांपुरताच होता, हे विसरून चालणार नाही. नोकरी सांभाळून संध्याकाळी सराव करणाऱ्या क्लब खेळाडूंचे काय, हा प्रश्न उरतोच.

आणि विजेता कोण? २२ जून २०२४ रोजी एक्सेटर येथे झालेल्या अंतिम सामन्यात ग्लॉस्टर-हार्टपरीने ब्रिस्टॉलला ३६-२४ असे हरवले. यातील हार्टपरी हे मूळचे शेतकी महाविद्यालय. २०१८ मध्ये त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. शहरातला क्लब आणि खेड्यातले महाविद्यालय यांनी मिळून २०१४ मध्ये हा संघ उभारला. पुढे २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन विजेतेपदे त्याने मिळवली. शिक्षणसंस्थेने मुलींच्या खेळाला पक्के घर दिले तर काय होते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

यावर कोणी म्हणेल, जेथे प्रेक्षक नाहीत तेथे पैसा कोठून आणायचा? माझ्या मते हा प्रश्नच उलटा आहे. इंग्लंडने २०१९ मध्ये राष्ट्रीय महिला संघाला पूर्णवेळ करार दिले, तेव्हा स्टेडियम भरलेले नव्हते. सप्टेंबर २०२५ मध्ये महिला विश्वचषकाचा अंतिम सामना लंडनमध्ये ८१,८८५ प्रेक्षकांनी पाहिला आणि इंग्लंडने कॅनडाला हरवले. आधी पेरणी, मग कापणी, हे शेतकऱ्याच्या मुलीला कोणी शिकवावे लागत नाही.

मी आमच्या घरातील कॉलेजात आलेली पहिलीच. मी हुशार आहे असे गुरुजी चौथीपासून म्हणत. पण त्या कौतुकावर मी येथवर आले नाही. फीची सवलत होती आणि एस.टी.चा पास होता, म्हणून आले. माझ्याहून हुशार मैत्रिणी मागे राहिल्या. म्हणूनच वूस्टरच्या मुली मला परक्या वाटत नाहीत.

रग्बीही अगदीच परकी नाही. पुण्याच्या वाहबीज भरुचा यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले आहे. पण रग्बी असो वा खो-खो, ठिकठिकाणी मुलींच्या संघाची गोष्ट एकच असते. मुलांचा सराव संपला की उरलेल्या उजेडात सराव करायचा, आणि परगावच्या सामन्याला भाडे पदरचे घालायचे. ढाल जिंकून आणली की हार घातले जातात, फोटो छापला जातो.

फोटो जरूर छापावा. परंतु त्याआधी, जून महिन्यात, एका कागदावर मुलींच्या सरावाची वेळ, प्रवासखर्च आणि बूट एवढे तीन शब्द आकड्यांसह लिहिलेले असावेत, आणि त्याखाली सही असावी. ढाल आणायचे आम्ही पाहून घेऊ.