लाल फितीतलं पिल्लू

गेल्या नाताळात आमच्या धाकटीच्या शाळेत सांताक्लॉजला पत्र लिहायची टूम निघाली. धाकटीनं लिहिलं, ‘मला खरं कुत्रं पाहिजे. चावीचं नको.’ झालं! तिच्या मामाला उमाळा आला. पंचवीस डिसेंबरला लाल फीत बांधून पिल्लू हजर करतो म्हणाला.

अहो, मामाचं काय जातंय? फीत त्याची, फरशी आमची! आणि लालफितीचा मला ऑफिसातला अनुभव आहे : ती बांधणारा वेगळा, निस्तरणारा वेगळा. कुत्रं जन्माचं असतं, नाताळापुरतं नसतं, हे ब्रिटनमधल्या एका श्वानप्रेमी संस्थेनं १९७८ सालीच बजावून ठेवलंय. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, ही दहा-बारा वर्षांची ठेव, मुदतीपूर्वी न मोडता येणारी. शिवाय आपल्याकडच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मामाचं पिल्लू केवढं, ते मामालाच ठाऊक नव्हतं! आईपासून तोडलेलं ते पोर पंचवीसला आमच्या घरी यायचं आणि एकतीसच्या रात्री फटाक्यांनी भेदरून पलंगाखाली थरथरत बसायचं. ही कसली भेट?

मी साफ ‘नाही’ म्हटलं. धाकटी रडली नाही. डब्यातली अर्धी पोळी घेऊन गुपचूप खाली, वॉचमनच्या मोतीकडे गेली. ते मात्र मला लागलं.

मग बापलेकीत करार झाला. सहा महिने रोज सकाळी सहाला दोघांनी मोतीला फिरवायचं. हप्ता चुकला नाही, तर पिल्लू मंजूर.

चार हप्ते चुकले. चारही माझे.