पुस्तक कापणाऱ्यांची बाजू

जुन्या पुस्तकाची पानं कापून, चिकटवून, रंगवून त्याचं चित्र करणारा कुणी दिसला, की आपल्याकडे तोंडातून पहिला शब्द निघतो तो ‘पाप’. या आक्षेपकांशी मला भांडायचं आहे. पण आधी त्यांची बाजू मांडतो, कारण ती कच्ची नाही.

त्यांचे सर्वांत भक्कम साक्षीदार म्हणजे नाथ. ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केल्यावर, शके 1506 मध्ये, एकनाथांनी बजावून ठेवलं की यात कुणी आपली ओवी घातली तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवणं होईल. दुसरे साक्षीदार इतिहासाचार्य राजवाडे. जुनी दफ्तरं वाण्याच्या पुड्यांत जाताहेत, माळ्यावर कुजताहेत, हे पाहून हा माणूस कागदांसाठी गावोगाव वणवण हिंडला. कात्री घेऊन बसलेल्याला त्यांनी काय ऐकवलं असतं, याची कल्पना कुणालाही करता येईल.

आता उलटतपासणी. नाथांनी राखली ती संहिता, आणि ती राखताना हाती आलेल्या प्रतींमधली भर त्यांनी काढून टाकलीच. राजवाड्यांनी वाचवले ते एकुलते एक कागद. छापील पुस्तकाच्या हजारो प्रतींपैकी एकीला कात्री लागली तर संहितेचा कानामात्राही हलत नाही. आक्षेपक ग्रंथ आणि प्रत यांत फरक करत नाहीत, आणि त्यांची सगळी इमारत त्या गल्लतीवर उभी आहे.

शिवाय राजवाड्यांनी 1924 साली छापलेली महिकावतीची बखरच उघडून पाहा. (ही महिकावती आमचं केळवे-माहीम की मुंबईचं माहीम, यावर दोन्हीकडचे लोक हिरिरीने भांडतील, मी अर्थातच इकडचा.) प्रकरणं सहा, लिहिणारे वेगवेगळे. केशवाचार्याचा मजकूर शके 1370 चा, भगवान दत्ताचा त्यानंतरचा. कुठे पद्य, कुठे गद्य, मध्येच वंशावळ्या. एकाच्या लिखाणाला दुसऱ्यानं मागूनपुढून आपलं लिखाण जोडलं, आणि त्या जोडकामाला आपण आज उत्तर कोकणच्या इतिहासाचं साधन म्हणतो. जुन्यावर हात चालवणं हेच पाप असेल तर पहिला गुन्हा आमच्या बखरकारांवर नोंदवा.

दुसरा आक्षेप, ज्ञानाचा नाश होतो. मग पालघर-बोईसरच्या रद्दीवाल्याकडे कुणी का ओरडत नाही? तिथे पुठ्ठा वेगळा, कागद वेगळा, तराजूत घातलं की संपलं. इथून रेल्वेनं वर गेलं की वापी, आणि वापीच्या गिरण्यांत रद्दीचा लगदा होऊन त्यातून नवा कागद निघतो. लगदा झालेल्या पुस्तकाबद्दल कुणाला हळहळ नाही. त्याच पुस्तकाचं कोलाज भिंतीवर लागलं की मात्र सरस्वती रागावते.

‘त्यापेक्षा गरीब शाळेला द्या’ हा सल्ला तर मला सरळ ढोंगी वाटतो. जव्हार-मोखाड्याच्या मुलांनी रद्द झालेल्या अभ्यासक्रमाची गाईडं आणि कालबाह्य कॉम्प्युटरची पुस्तकं काय करायची? त्यांना नवी पुस्तकं द्या. बाकी सगळं आपल्या कपाटाची साफसफाई आहे.

राहिला प्रश्न ही कला आहे का, याचा. टॉम फिलिप्स या ब्रिटिश चित्रकारानं 1966 साली लंडनमध्ये तीन पेन्सांना मॅलॉक नावाच्या लेखकाची 1892 ची एक कादंबरी उचलली आणि तिच्या पानांवर रंग भरत, मधले मोजके शब्द उघडे ठेवत वेगळीच गोष्ट रचली. 2016 च्या शेवटच्या आवृत्तीपर्यंत तो त्याच पुस्तकावर काम करत होता. मॅलॉकला कुणी इतकं बारकाईनं वाचलं असेल असं मला वाटत नाही. आपल्याकडेही रविवर्म्याच्या छापील लक्ष्मीला खऱ्या कापडाचं लुगडं, जरीचा काठ आणि टिकल्या लावून बायकांनी ती चौकटीत बसवलीच ना? त्याला कुणी विटंबना म्हटलं नाही.

कामही वाटतं तितकं पोरखेळ नाही. पुस्तक जुजबंदीचं, म्हणजे दोऱ्यानं शिवलेलं हवं. नुसत्या डिंकानं चिकटवलेलं पुस्तक दहा वेळा उघडलं की पानं हातात येतात. प्रत्येक जुजातली, म्हणजे एकत्र घडी घालून शिवलेल्या गठ्ठ्यातली, दोन-तीन पानं काढावी लागतात, नाहीतर वर चिकटवलेल्या कागदांनी पुस्तक फुगतं आणि पुठ्ठे मिटत नाहीत. काढताना शिवणीपाशी बोटभर पट्टी ठेवायची, म्हणजे पलीकडचं जोडपान सुटत नाही. मग खळ. मैद्याची खळ माहीमच्या खाऱ्या, दमट हवेत आषाढ लागला की बुरशी धरते, मागून कसर येते. म्हणून जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत. (मोरचूद विषारी. वर्गात मुलांना फेविकॉलच द्यावा.)

पण या पंथातल्या सगळ्यांचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही. सोफ्याच्या रंगाला जुळणारे कणे पाहून वजनावर पुस्तकं घेणारे सजावटकार, किंवा कुठल्याही पानाचं फुलपाखरू कापणारे हौशी, यांना पुस्तक नको असतं, पिवळट कागद हवा असतो. जे पान कापतोस त्यावर काय आहे, हे सांगता येत नसेल तर कात्री खाली ठेव, असं मी त्यांना म्हणेन.

आणि कोणती प्रत कापायची नाही, याबाबत मी आक्षेपकांपेक्षा कडक आहे. हस्तलिखिताला हात नाही. शिळाप्रेसच्या पोथीला जाणकारानं पाहिल्याशिवाय नाही. फसवणूक होते ती दिसण्यावरून. चामडी बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे ब्रिटानिकाचे खंड भारदस्त दिसतात, पण त्यांची छपाई बंद झाल्याची घोषणा 2012 मध्ये झाली तेव्हाही जगभर त्यांचे ढीग होते. ते खुशाल कापा. उलट वाडवळ, भंडारी, मांगेला समाजांच्या ज्ञातिमंडळांचे अहवाल, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणीदारांची यादी, अशी स्टेपलच्या गंजलेल्या पिनांची चोपडी कुणालाच मोलाची वाटत नाहीत. त्यांच्या प्रती मुळात थोड्या, आणि मोठ्या ग्रंथालयांत त्या पोचलेल्याच नसतात. आमच्या गावाचा पुढचा बखरकार त्यांतूनच आपलं लिहिणार.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सार्वजनिक वाचनालयांनी निर्लेखनाची, म्हणजे काढून टाकायच्या पुस्तकांची, यादी रद्दीवाल्याला बोलावण्याआधी महिनाभर दाराशी लावावी. गावातल्या चोपड्या आधी बाजूला काढाव्यात, त्यांचे फोटो घ्यावेत. वाचणाऱ्यांनी हवं ते घरी न्यावं. पुस्तक कापण्याला पाप म्हणणाऱ्यांनी तर सर्वांत आधी यावं, पिशव्या घेऊन. त्यानंतर जे उरेल ते चित्रकलेच्या शिक्षकांच्या हवाली करावं.