सूरचा गाणारा खलाशी आणि आपण

वाचकहो, आधी दोन प्रश्न. आखातात राहून तुम्हाला किती वर्षं झाली, आणि अरबी किती येते? ‘शुक्रान’, ‘खलास’, ‘इन्शाल्ला’ आणि ‘माफी मुश्किल’ सोडून सांगा. दुसरा प्रश्न: ‘मुंबईत राहायचं तर मराठी आलीच पाहिजे’ असा मजकूर तुम्ही आजवर किती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर पुढे पाठवलात?

या दोन उत्तरांचा मेळ लागत नाही, असं माझं म्हणणं आहे. साक्षीला मी एका गवयाला बोलावतो. त्यांचं नाव सलीम रशीद सूरी.

ओमानच्या पूर्व किनाऱ्यावर सूर नावाचं जुनं बंदर आहे. मराठी कानाला हे नाव गाण्याचंच वाटेल, पण गाव प्रसिद्ध आहे ते लाकडी गलबतांसाठी. मलबारचं सागवान तिथं यायचं, त्याची गलबतं बांधली जायची आणि ती खजूर घेऊन पुन्हा हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागायची. अशा गावात 1910 साली सूरी जन्मले. गाण्याला घरच्यांचा विरोध होता. मुलगा जहाजावर गेला आणि गाणं सोबत घेऊन गेला. पुढे अख्ख्या आखातानं त्यांना ‘गाणारा खलाशी’ म्हणून ओळखलं.

हा खलाशी गवई म्हणून नावारूपाला आला तो मुंबईत. 1930 च्या दशकात सूरी तिथं राहिले. अरब व्यापाऱ्यांसाठी दलाली आणि दुभाष्याचं काम करून पोट भरलं, आणि एचएमव्हीसाठी ध्वनिमुद्रिका केल्या. ते ‘सौत’ गात. ऊद या तंतुवाद्यावर आणि मिरवास नावाच्या छोट्या ढोलकीवर चालणारा हा आखाती शहरांचा गानप्रकार. त्यांनी अरबीत गाणी केली आणि उर्दूतही गायली. मुंबईत मुद्रित झालेला हा आवाज आखातातल्या घराघरांत पोचला.

त्यात नवल नव्हतं, कारण आखातासाठी त्या काळी मुंबई हेच मोठं शहर होतं. सौतचे आद्य मानले जाणारे कुवेती कवी-संगीतकार अब्दुल्ला अल-फरज एकोणिसाव्या शतकात मुंबईतच वाढले. ओमानचे सुलतान तैमूर बिन फैसल 1932 साली गादी सोडून बाहेर पडले आणि 1965 साली मुंबईत वारले. भारतीय रिझर्व्ह बँकेनं 1959 साली खास आखातासाठी काढलेला रुपया ओमानमध्ये 1970 पर्यंत चालत होता. म्हणजे पोटासाठी समुद्र ओलांडण्याची वाट आपण तेलाच्या काळात पाडलेली नाही. ती आधीपासून होती, आणि तिच्यावरून माणसं आपल्या दारी येत होती.

एका बैठकीत मी सुचवलं होतं, की वार्षिक कार्यक्रमात पंधरा मिनिटं सूरींसाठी ठेवू. उत्तर मिळालं, ‘त्यांचा मराठीशी काय संबंध?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देतो.

सूरी मराठी झाले नाहीत. तसा दावा करून त्यांना आपल्या देव्हाऱ्यात बसवायचं नाही. संबंध आहे तो पाहुणा आणि यजमान यांच्यातल्या व्यवहाराचा. सूरींनी पाहुण्याची बाजू चोख निभावली. ज्या शहरात गेले तिथली बोलीभाषा अशी उचलली, की तिच्यावर पोट भरलं आणि उर्दूत गाणंही केलं. शहरानंही आपली बाजू निभावली. त्यांना काम दिलं आणि त्यांचा आवाज तबकडीवर उतरवला. त्याच मुंबईत 1944 साली वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णाभाऊ तर लहानपणी गावाहून पायी चालत मुंबईला आले होते. आज ज्यांच्या शाहिरीवर आपण अभिमानानं टाळ्या वाजवतो, तेही त्या शहरात पोटामागे आलेलेच होते.

आता आपलं बघा. मी इथं पोस्ट-डॉक करतो. करार संपला की व्हिसा संपेल. तुमच्यातल्या बहुतेकांचंही तसंच असेल. वीस वर्षं राहिलो तरी आपण इथं पाहुणेच. तरीही अरबी पाटी वाचायची वेळ आली की आपण खाली इंग्रजी शोधतो. मत्रहच्या बाजारात ओमानी दुकानदार आपल्याशी हिंदीत बोलतो आणि आपल्याला त्याचं कौतुकसुद्धा वाटत नाही, तो आपला हक्क वाटतो. मग संध्याकाळी घरी येऊन, मुंबईतल्या टॅक्सीवाल्याला मराठी येत नाही म्हणून आपण मोबाइलवर संतापतो.

मराठीचा आग्रह चुकीचा आहे, असं मी म्हणत नाही. मराठी शाळा बंद पडू नयेत, सरकारी कागद मराठीत असावा, दुकानाची पाटी मराठीत असावी, हे मागायलाच हवं. ते सरकारकडे मागा, शाळांकडे मागा. मुंबईत आलेल्या माणसानं मराठी शिकावी, हेही मला मान्य आहे. पण ही अपेक्षा करण्याचा अधिकार ज्याला हवा, त्यानं स्वतः जिथं पाहुणा आहे तिथं ती आधी पूर्ण करावी. घरी यजमानाचा मान हवा आणि बाहेर पाहुण्याचं कर्तव्य नको, हे चालणार नाही.

‘इथं अरबीवाचून काही अडत नाही,’ असं तुम्ही म्हणाल. मुंबईतला तो टॅक्सीवालाही मराठीबद्दल नेमकं हेच म्हणतो.

महायुद्धानंतर सूरी बहरीनला गेले. तिथं त्यांनी ‘सलीमफोन’ नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. 1971 साली ते ओमानला परतले, आणि 1979 साली वारले. त्यांची गाणी आजही इंटरनेटवर ऐकायला मिळतात.

तेव्हा येत्या गणेशोत्सवात पुण्याहून गायक जरूर बोलवा, पण एक संध्याकाळ ऊद वाजवणाऱ्या ओमानी कलाकारालाही द्या. मुलांना सांगा, की इथला एक खलाशी आपल्या मुंबईत जाऊन गवई झाला. आणि मंडळात मुलांचा मराठी वर्ग भरतो, त्याच वेळी शेजारच्या खोलीत आईवडिलांसाठी अरबीचा वर्ग सुरू करा. अरबीची मुळाक्षरं 28 आहेत. बाराखडी पाठ केलेल्या माणसाला ती जड जाऊ नयेत.