दोन पियानो आणि मधला माणूस

'तू नक्की कुठल्या बाजूचा?' हा प्रश्न वाजवणाऱ्या पोरापोरींचा पिच्छा सोडत नाही. कॉलेजच्या बँडमध्ये कीबोर्ड घेऊन गेलं की कुणीतरी विचारतंच, ''खरा पियानो येतो का रे तुला?'' आणि दहा वर्षं क्लासला जाऊन पेटी शिकलेलीला मैत्रिणी म्हणतात, ''अजून तेच? एखादं अ‍ॅप घे की, दोन तासांत ट्रॅक तयार.'' एकाला नवं वाजवतो म्हणून टोमणा, दुसरीला जुनं वाजवते म्हणून. हे ऐकलं की आम्हाला पन्नासेक वर्षांपूर्वीची एक रेकॉर्ड आठवते.

बिल एव्हान्स हे नाव जॅझ ऐकणाऱ्यांना सांगायला नको. न ऐकणाऱ्यांसाठी एवढंच, की माइल्स डेव्हिसच्या 1959 च्या 'काइंड ऑफ ब्लू'वर बहुतेक ठिकाणी पियानो याचा आहे. हळुवार वाजवणारा, कीबोर्डवर पार वाकून बसणारा, दोन सुरांमधल्या शांततेलाही वजन देणारा माणूस. पियानो, बेस आणि ड्रम्स हे त्याचं त्रिकूट. 1961 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये त्यांनी एका दिवसात जे वाजवलं, ते आजही विद्यार्थी सूर-सूर उतरवून शिकतात. थोडक्यात, 'अस्सल पियानो' म्हटलं की ज्याच्याकडे बोट दाखवावं असा हा गडी.

आणि 1969-70 मध्ये हाच गडी स्टुडिओत स्टाइनवेच्या जोडीला एक फेंडर ऱ्होड्स घेऊन बसला. सोबत वाद्यवृंद. रेकॉर्डचं नाव, 'फ्रॉम लेफ्ट टू राइट'.

ऱ्होड्स म्हणजे काय, ते थोडं सांगायला हवं, कारण गंमत तिथेच आहे. त्यात तारा नसतात. पट्टी दाबली की छोटी हातोडी पोलादाच्या एका बारीक काडीवर आपटते. काडी थरथरते आणि ती थरथर गिटारमध्ये असतो तसा पिकअप उचलून स्पीकरला देतो. हळू वाजवा, काचेच्या घंटेसारखा आवाज. जोरात हाणा, तर तोच आवाज गुरगुरतो. याचा जन्मही वेगळाच. दुसऱ्या महायुद्धात हॅरॉल्ड ऱ्होड्स जखमी सैनिकांना पियानो शिकवायचा. खाटेवर पडल्यापडल्या मांडीवर घेऊन वाजवता यावं म्हणून त्याने विमानांच्या भंगारातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांपासून एक छोटं वाद्य बनवलं. पुढच्या इलेक्ट्रिक पियानोची मुळं तिथे आहेत.

आता काळ बघा. त्याच 1969 मध्ये माइल्स डेव्हिसने 'इन अ सायलेंट वे' केली, त्यात इलेक्ट्रिक कीबोर्ड वाजवणारे एक नाही, तिघे. अर्धं जॅझ विजेकडे पळत होतं आणि उरलेलं अर्धं, आता सगळं बाटलं म्हणून कपाळाला हात लावून बसलं होतं. एव्हान्सला दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. पळाला असता तर तरुण गर्दी मिळाली असती, अडून बसला असता तर शुद्धतेचा पुतळा झाला असता. तो दोन्ही वाद्यांच्या मध्ये बसला. इलेक्ट्रिक घेतला म्हणून त्याने रॉक वाजवायला घेतलं नाही. वाजवली ती त्याच्या नेहमीच्या जातीची हळवी गाणीच, फक्त एकाच गाण्यात इकडचा आवाज आणि तिकडचाही. स्टाइनवेवर सूर लाकडात घुमून विरतो, ऱ्होड्सवर तो थोडा तरंगत राहतो. तोच माणूस, तीच बोटं, पण जणू दोन मूडमध्ये बोलतोय.

प्रयोग शंभर टक्के जमला का? आमचं मत, नाही. मिकी लिओनार्डने बांधलेला वाद्यवृंद काही ठिकाणी इतका गोड होतो, की मोठ्या हॉटेलच्या लिफ्टमध्ये उभं असल्यासारखं वाटतं. व्हायोलिनं येतात आणि पियानोने मोकळी सोडलेली जागा भरून टाकतात. एव्हान्सच्या बाबतीत तर ही मोकळी जागा हाच अर्धा ऐवज!

पण या रेकॉर्डवर एक गोष्ट अशी आहे, जिच्यासाठी तिला शंभर गुन्हे माफ. ब्राझीलचा पियानोवादक लुईझ एसा याची 'द डॉल्फिन' नावाची रचना तिथे दोनदा आहे. एकदा वाद्यवृंदाशिवाय, एकदा वाद्यवृंदासह. नावंही तशीच, 'बिफोर' आणि 'आफ्टर'. आपण फोटोला फिल्टर लावतो आणि मूळ फोटो डिलीट करतो. इथे दोन्ही बाजूबाजूला ठेवलेत. घ्या, ऐका, तुम्हीच ठरवा. आपला प्रयोग लोकांपुढे असा उघडा ठेवायला धाडस लागतं.

तो तिथे थांबलाही नाही. 1971 च्या 'द बिल एव्हान्स अल्बम'वर सगळ्या रचना त्याच्या स्वतःच्या, वाद्यं पुन्हा दोन्ही, आणि त्याला दोन ग्रॅमी मिळाले. मग 1974 मध्ये 'सिम्बायोसिस'. (पुणेकरांनो, नाव ओळखीचं वाटलं तरी कॉलेजशी संबंध नाही.) ही क्लाउस ओगरमनने एव्हान्सचं त्रिकूट आणि मोठा वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली दीर्घ रचना. इथे मात्र वाद्यवृंद मागून चढवलेली साय नाही, तो पहिल्यापासून संभाषणात आहे. मध्येच वादळासारखा उठतो, मग बाजूला होतो आणि पियानोला एकटं सोडतो. इलेक्ट्रिक आणि साधा, दोन्ही पियानो त्यात आपापल्या जागी येतात, आणि कुठला कधी आला याचा हिशेब ठेवायचं आपण विसरतो. 'फ्रॉम लेफ्ट टू राइट'मधल्या चुका झाल्या नसत्या तर हे एवढं सहज आलं असतं का, असा विचार मनात येतोच.

आपल्याकडे हे सगळं परकं वाटण्याचं कारण नाही. परदेशातून आलेल्या हार्मोनियमवर 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने बंदी घातली होती, आणि ती तीन दशकं टिकली. आक्षेप काय, तर ठरावीक पट्ट्यांच्या या पेटीला मिंड येत नाही, श्रुती येत नाहीत. आक्षेप खोटा नव्हता. पण तोवर गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी त्याच पेटीवर काय काय करून दाखवलं होतं! पुढे पु. ल. देशपांडे हौसेने पेटी घेऊन बसायचे. आज भजनापासून ख्यालापर्यंत पेटीशिवाय मैफल सुनी वाटते आणि तिलाच आपण 'पारंपरिक वाद्य' म्हणतो. कीबोर्डवाल्या पोराला 'खरा पियानो येतो का' विचारणारे काका स्वतः घरी पेटी वाजवत असतील, तर त्यांना हा इतिहास प्रेमाने सांगायला हरकत नाही.

बाकी या रविवारी अर्धा तास काढा. हेडफोन लावा, फोन उलटा ठेवा आणि 'द डॉल्फिन' दोनदा ऐका. आधी 'बिफोर', मग 'आफ्टर'. या पानाच्या टेबलावर त्यावरून सरळ दोन तट पडलेत. आमचं मत 'बिफोर'ला. समोरचा सहकारी म्हणतो, आम्हाला व्हायोलिन कळत नाही.